पिक्चरमधली सगळ्यात भारी गाडी कोणती, हा वाद नीट कसा घालायचा

ठाण्यात उपवनला तलावाच्या कडेला आम्ही पाच-सहा जण शनिवारी रात्री बसतो आणि कित्येक वर्षं एकच वाद चालूए, पिक्चरमधली आजवरची सगळ्यात भारी गाडी कोणती. सुरुवातीला नुसता आरडाओरडा असायचा, ज्याचा आवाज मोठा त्याची गाडी जिंकायची, एकदा तर दोघं जण महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. आता हाच वाद इतका रंगतो की साडेबारा कधी वाजले कळत नाही, म्हणून आम्ही काय काय बदललं ते सांगतो, तुमच्या ग्रुपमध्ये करून बघा.

आधी गाडी कशाला म्हणायचं ते ठरवा. ऐकायला फालतू वाटतं, पण आपल्याकडे ॲक्टिवा पण गाडी, एसटी पण गाडी आणि ठाणे स्टेशनला "गाडी आली" म्हटलं की लोकल. आमच्यातल्या एकाने 'शोले'मधली साइडकारवाली बाइक काढली, दुसऱ्याने 'नवरा माझा नवसाचा'मधली गणपतीपुळ्याला निघालेली एसटी, आणि खरं सांगतो दोघांचंही चूक नव्हतं. शेवटी ठरलं की चार चाकं हवीत आणि कंपनीने लोकांना विकायला बनवलेली गाडी हवी. त्यात बॅटमॅनची गाडी बाद झाली, कारण १९६६ वाली तर लिंकन फ्युचुरा नावाच्या १९५५ च्या शो-कारवरून बनवलेली होती, ती शोरूमला कधी आलीच नाही. एसटी आणि बाइकसाठी वेगळा शनिवार ठेवा म्हणजे कोणी रुसत नाही.

मग येतो खरा मुद्दा, भारी म्हणजे काय. महाग? फास्ट? दिसायला देखणी? इथेच सगळे अडकतात, कारण एक जण किमतीवर बोलतोय आणि दुसरा हॉर्सपॉवरवर, मग भांडण मिटणार कसं. आम्ही एकच प्रश्न ठेवलाय आणि माझ्या मते तोच पुरेसा आहे: ती गाडी काढून तिथे दुसरी उभी केली तर सीन टिकतो का? टिकला तर गाडी फक्त शोभेला होती. पडला तर ती गाडी त्या पिक्चरचं पात्र आहे.

'बॅक टू द फ्युचर'मधली डेलोरियन घ्या, जिचं पिक्चरमध्ये टाइम मशीन केलंय. गाडी म्हणून बघितलं तर काही खास नाही, इंजिन जेमतेम १३० हॉर्सपॉवरचं, कंपनी १९८२ मध्येच बुडाली, पिक्चर आला १९८५ ला, एकूण गाड्या बनल्या साधारण ९,०००. पण ती पहिल्यांदा १९५५ मध्ये जाऊन एका शेतकऱ्याच्या गोठ्यात घुसते तो सीन आठवा, ते घरचे लोक ती उडती तबकडी समजतात, कारण रंग न दिलेली स्टीलची बॉडी आणि वर उघडणारे दरवाजे. तिथे दुसरी कुठलीही साधी गाडी ठेवा, शेतकरी फक्त गोठ्याची भरपाई मागेल. आणि एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो, वादात कामाला येते: गाडीला काळात उडी मारायला ताशी ८८ मैल लागतात, पण तेव्हाच्या अमेरिकन नियमामुळे डेलोरियनचा मूळ स्पीडोमीटर ८५ पर्यंतच होता, पिक्चरसाठी ९५ पर्यंतचा बसवावा लागला.

तयारी करून या, हे फार महत्त्वाचं. नुसते रील्स बघून आलेला माणूस दोन मिनिटांत उघडा पडतो. ज्या गाडीची बाजू घेणार तो सीन आदल्या दिवशी अख्खा बघा, हेडफोन लावून. 'बुलिट' (१९६८) मधला सॅन फ्रान्सिस्कोचा पाठलाग जवळजवळ ११ मिनिटांचा आहे आणि पाठलाग खरा सुरू झाला की पार्श्वसंगीत बंद होतं, मग फक्त इंजिन, गिअर आणि टायर. हे मला तिसऱ्यांदा बघताना कळलं आणि अंगावर काटा आला. हिरोची हिरवी मस्टँग जीटी ३९० आधी पुढे आणि गुंडांची काळी डॉज चार्जर मागे असते आणि मग उलटं होतं, मस्टँग तिच्या मागे लागते, तो क्षण नीट बघा. विरोधी पार्टी म्हणेल की तीच हिरवी फोक्सवॅगन बीटल पुन्हा पुन्हा ओव्हरटेक होते आणि चार्जरची चाकं चार पण व्हील कॅप त्याहून जास्त उडतात. दोन्ही खरं आहे, मान्य करून टाका. आणि सांगा की याच पिक्चरला एडिटिंगचं ऑस्कर मिळालंय.

चार्जर मस्टँगपेक्षा ताकदवान होती हा पण मुद्दा येणार, कागदावर ३७५ विरुद्ध ३२५ हॉर्सपॉवर. पण आपला प्रश्न वेगाचा नाहीच ना. उलट शूटिंगला वापरलेली एक मस्टँग नंतर एका कुटुंबाकडे होती, घरातली शिक्षिका ती घेऊन शाळेत शिकवायला जायची, आणि जानेवारी २०२० मध्ये तीच गाडी लिलावात ३४ लाख डॉलरला गेली. मी हे सांगितलं तेव्हा कट्ट्यावर कोणी काही बोललंच नाही थोडा वेळ.

हरायची तयारी ठेवा. मी एकदा ठामपणे बोललो की 'फास्ट अँड द फ्युरिअस' (२००१) मधली केशरी टोयोटा सुप्रा आपल्या प्रश्नात नापास, तिथे कुठलीही जपानी गाडी चालली असती. मित्राने शांतपणे फोनवर सीन लावला. ट्रेलरवरून सुप्राचं भंगार उतरतं, बॉनेट उघडतं, आत सुप्राचं ते टूजेझेड इंजिन आहे कळल्यावर गॅरेजमधल्या पोराचा चेहराच बदलतो. त्या इंजिनाची मजबुती माहीत असलेल्यालाच ते भंगार सोन्यासारखं वाटणार. म्हणजे दुसरी गाडी चाललीच नसती. मी तिथेच मत बदललं आणि मोठ्याने सांगितलं, तुम्हीही असंच करा, त्याने पुढच्या वेळी तुमचं ऐकलं जातं.

फक्त इंग्लिश पिक्चरवर राहू नका, आणि गाडी प्रत्यक्ष चालवलेल्या माणसाला जरूर बसवा. आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकांनी आयुष्यभर काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी चालवली. नाना पाटेकर टॅक्सीवाला असलेल्या 'टॅक्सी नंबर ९२११' वर बोलणं चाललेलं, कोणीतरी म्हणालं की मुंबईची टॅक्सी म्हणजे कुठलीही चालेल. काकांनी चहाचा ग्लास खाली ठेवला, हवेत स्टिअरिंग धरलं आणि दुसऱ्या हाताने स्टिअरिंगला चिकटलेला तो गिअर असा ओढून दाखवला की आम्हाला खर्रर्र ऐकू आल्यासारखं झालं. "दिवसभर हे केलं की नानासारखा राग येतोच रे," एवढंच बोलले. पद्मिनी कुर्ल्यात बनायची, शेवटची टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये रजिस्टर झाली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ ला ती रस्त्यावरून गेली. काकांच्या त्या हाताने जे पटवलं ते आमच्या कुठल्या आकड्याने पटलं नसतं.

बाकी नियम साधे. प्रत्येकाने एकच गाडी आणायची, तीन मिनिटं बोलायचं, मध्ये कोणी बोलायचं नाही. गाडी आवडते म्हणून नाही, सीन सांगून मत मागायचं. स्वतःच्या गाडीला मत देता येत नाही, हा नियम आणलात की भांडणं निम्मी होतात. निकाल तारखेसकट फोनमध्ये लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या शनिवारी सगळं पहिल्यापासून.

माझं विचाराल तर आत्ता 'द इटालियन जॉब' (१९६९) मधल्या तीन मिनी, त्या छोट्याशा गाड्या. तुरीनच्या जिन्यांवरून उतरतात, पाइपातून पळतात, आणि हे सगळं फक्त एवढ्याशा आहेत म्हणून जमतं, मोठी गाडी पहिल्याच जिन्यात अडकेल. या शनिवारी मिनी विरुद्ध पद्मिनी आहे. काका आत्तापासूनच म्हणतायत की पद्मिनी पण भुलेश्वरच्या गल्लीतून काढलीये त्यांनी, दोन्ही आरसे मिटून.