ग्रॅज्युएशननंतर काय करायचं हेच ठरत नाहीये? आधी एक कागद घ्या

माझा भाचा बीएस्सी फायनलला आहे. मागच्या रविवारी शंकरनगरला तर्री पोहे खाता खाता त्याच्या मोबाईलकडे नजर गेली तर एमबीए सीईटी, एमसीए सीईटी, एमपीएससी आणि वरून कुठलासा डेटा सायन्सचा कोर्स, सगळं एकाच वेळी उघडून ठेवलेलं. म्हटलं काय करून राहिला बे? तर म्हणे, "मामा, माहिती गोळा करून राहिलो." सहा महिने झाले, हेच चालू आहे.

आता पहिले हे डोक्यात घ्या की "ठरत नाही" हे एकच दुखणं नसते. 1996 मध्ये गाटी, क्राउझ आणि ओसिपोव या मानसशास्त्रज्ञांनी याचे तीन भाग पाडले होते, एक म्हणजे ठरवायला बसायचीच तयारी नाही, दुसरं माहितीच नाही, आणि तिसरं माहिती आहे पण एक गोष्ट दुसरीशी भांडते. आपल्याकडे तिघांनाही औषध एकच, अजून एक सेमिनार, अजून एक यूट्यूब व्हिडिओ!

म्हणून कागद घ्या (मोबाईलवर नको, तिथे पुन्हा रील्स सुरू होतात) आणि एकेक ऑप्शन लिहून त्याच्यासमोर आपण कशामुळे अडलो ते एका ओळीत लिहा, खरं खरं, कोणाला दाखवायचं नाहीये. भाच्यानं लिहिलं: एमसीए, "गणित जमेल का". एमबीए, "फी". एमपीएससीसमोर एकच शब्द, "बाबा". डेटा सायन्ससमोर बराच वेळ पेन धरून बसला आणि मग म्हणे, मित्र करून राहिले म्हणून. खोडलं ते तिथेच.

गणिताची भीती विचार करून जात नाही, जुना पेपर काढा आणि घड्याळ लावून सोडवा, एका दुपारी कळते आपण कुठे आहो. फीचं पण तसंच, खरा आकडा काढा, स्कॉलरशिप बसते का बघा, विषय संपला. कामाबद्दलच माहिती नसेल तर मिहानमधल्या कंपन्यांत वगैरे नोकरी करणाऱ्या ओळखीच्या दादा-ताईला गाठा पण "स्कोप आहे का" हे विचारू नका, सगळेच हो म्हणतात. "काल सकाळपासून संध्याकाळपर्यंत नेमकं काय केलं" हे विचारा. त्यातल्या कंटाळवाण्या भागावर तुमचं तोंड कसं होते ते बघा.

"बाबा" वाली गाठ मात्र कितीही माहिती गोळा केली तरी सुटत नाही, आणि खरं सांगू, बहुतेक पोट्टे माहितीच्या नावाखाली हेच बोलणं टाळत असतात. घरी "मी एमपीएससी करणार नाही" असं सुरू केलं की नुसता आवाज चढतो. त्यापेक्षा विचारा, बाबा, तुम्हाला भीती कशाची वाटते, पगाराची, लग्नाची की लोकांची? आणि करायचीच ठरली तर अटेम्प्ट किती आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे आधीच बोलून घ्या.

ज्यांच्या साध्या चपलेसाठी पण सीताबर्डीवर चार चकरा होतात, त्यांचा प्रश्न करिअरचा कमी आणि काहीही ठरवायच्या भीतीचा जास्त असतो. त्यांनी कागदाच्या नादी न लागता कॉलेजच्या काउन्सेलरला भेटा, नाहीतर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येते.

आणि "बेस्टच पाहिजे" वाल्यांसाठी एक गंमत. 2006 मध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या पोरांवरचा एक अभ्यास आला होता, त्यात सगळ्यात बेस्ट शोधत बसणाऱ्यांना सुरुवातीचा पगार सुमारे 20 टक्के जास्त मिळाला, पण समाधान बाकीच्यांपेक्षा कमी निघालं.

भाच्यानं पेपर सोडवला, गणित वाटलं होतं तेवढं वाईट नाही निघालं. बाबांशी बोलणं बाकी आहे. म्हणे, "मामा, तुम्हीच बोला ना." म्हटलं भाऊजी माझं कधी ऐकतात का बे, पोहे पाहिजे तर अजून एक प्लेट सांगतो.