कप्पे आधी गाडीत मोजा, मग सॉफ्टवेअरमध्ये टाका

पिंपळगावहून द्राक्षं आणि टोमॅटो एकाच रीफर (माल थंड ठेवणाऱ्या) गाडीतून मुंबईला पाठवायचे असतील, तर कोणत्या गाडीत कोणता माल, कोणत्या क्रमाने जाणार हे ठरवणाऱ्या प्लॅनिंग सॉफ्टवेअरमध्ये गाडीला नुसती '९ टन' अशी क्षमता देऊन भागत नाही. द्राक्षांना ० अंशाच्या आसपास गारवा लागतो. टोमॅटो १० अंशांखाली जास्त वेळ राहिला की बिघडतो. म्हणून दोन कप्पे करा आणि प्रत्येकाला तापमान व चालणारा माल लावा. कांद्याला या गाडीत बंदीच घाला, द्राक्षांना वास लागतो.

खरी गोम सरकत्या पार्टिशनची, म्हणजे दोन कप्प्यांमधल्या हलवता येणाऱ्या भिंतीची: एक कप्पा वाढला की दुसरा घटतो. समजा, प्रत्येक कप्पा जास्तीत जास्त ६ टनांचा होतो. नुसते हेच आकडे टाकलेत तर सॉफ्टवेअर ९ टनांच्या गाडीत खुशाल १२ टन बसवून दाखवतं! त्यामुळे गाडीची एकूण मर्यादा वेगळी टाका. वजनासोबत क्रेटची संख्याही द्या. बहुतेकदा आधी जागाच संपते.

बाजूला दार नसेल तर मागचा कप्पा आधी रिकामा होतो. थंड द्राक्षं पुढे असली, तर टोमॅटोचा थांबा पहिला हवा. हा क्रम लावला नाही, तर हमालांची बोलणी तुम्हालाच ऐकावी लागतील.