अमेरिकी फंडाचा लाभांश: स्टेटमेंट कसं वाचायचं

रत्नागिरीत मी लोकांची विवरणपत्रं भरून देते. आंबा बागायतदारांची मुलंही आता अमेरिकी ईटीएफ (शेअर बाजारात विकत मिळणारे फंड) घेतात आणि जुलैत माझ्याकडे येतात ती खात्यात जमा झालेला आकडा घेऊन. तो आकडा चालत नाही.

ब्रोकरचं स्टेटमेंट उघडा. समजा, लाभांश 100 डॉलर. खालच्याच ओळीत वजा 25, हातात 75. ते 25 अमेरिकी सरकारकडे जातात. डब्ल्यू-8बेन, म्हणजे आपण अमेरिकेबाहेरचे करदाते आहोत हे ब्रोकरला सांगणारा फॉर्म, भरलेला असला की भारत-अमेरिका कर करारातला 25 टक्के दर लागतो, नाहीतर 30. सही केल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या 31 डिसेंबरला या फॉर्मची मुदत संपते, तेव्हा तारीख कुठेतरी लिहून ठेवा.

भारतातल्या विवरणपत्रात उत्पन्न दाखवायचं ते पूर्ण 100. रुपयांत बदलताना लाभांशाच्या महिन्याच्या आदल्या महिन्यातल्या शेवटच्या दिवसाचा स्टेट बँकेचा टीटी खरेदी दर (बँक ज्या दराने डॉलर विकत घेते तो) धरा. कापलेल्या 25 चं क्रेडिट, म्हणजे इथल्या करात तेवढी सूट, हवं तर आर्थिक वर्ष 2025-26 पर्यंतच्या उत्पन्नासाठी फॉर्म 67 भरा, पुरावा म्हणून ब्रोकरचा 1042-एस (अमेरिकेत कापलेल्या कराचा दाखला) जोडा. 30 टक्क्यांच्या स्लॅबवाल्याने वरचा फरक भरायचा. 20 वाल्याचे जादा कापलेले मात्र परत मिळत नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं, पण नियम तसाच आहे.

आयर्लंडमधल्या फंडांचं वेगळं. अमेरिकी शेअर्सच्या लाभांशावर 15 टक्के फंडाच्या आतच कापले जातात; तुमच्या स्टेटमेंटवर ते येतच नाहीत. त्यांचं क्रेडिट मागू नका. विवरणपत्रातलं शेड्यूल एफए, म्हणजे परदेशी मालमत्तेची यादी, मात्र दोन्ही प्रकारांत भराच, लाभांश शून्य असला तरी.