पोराला हात द्यायचा असेल तर आधी वार ठरवा

वह्या-पुस्तकांच्या बाइंडिंगच्या धंद्यात माझी हयात गेली. बालगृहातून बाहेर पडलेली, शाळा अर्ध्यावर सुटलेली, घरात विचारणारं कुणी नसलेली पोरं-पोरी संध्याकाळी काम शिकायला माझ्या टेबलाशी बसतात, त्यालाही बरीच वर्षं झाली. ते बघून लोक विचारतात, "मलाही एखाद्या मुलासाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?" पैशांपासून करू नका. वारापासून करा.

आठवड्यातला एक वार आणि एक वेळ धरा. ती निदान वर्षभर पाळता येईल का, हे स्वतःला विचारा, आणि नसेल येत तर आत्ताच थांबा. त्यात कमीपणा काही नाही. जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोघींनी अमेरिकेत अशीच मोठं माणूस आणि मूल यांची जोडी लावून दिलेली नाती तपासली होती. त्यांचा अभ्यास २००२ साली आला. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या नात्यांतल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा झाला. तीन महिन्यांच्या आत तुटलेल्या नात्यांतल्या मुलांचा मात्र स्वतःवरचा विश्वास उलट घसरला. ज्याला आधीच चार जणांनी वाऱ्यावर सोडलंय, त्याच्यासाठी पाचवे होऊ नका, एवढंच.

पहिल्या काही भेटींत बोलायचं काय? फार काही नाही. "घरी कोण कोण असतं?" हे तर नकोच. समोर बसवून चौकशी सुरू केली की पोर एकतर गप्प होतं, नाहीतर ऐकणाऱ्याला आवडेल अशी कहाणी सांगतं. कार्यालयांतून हिंडून त्यांना ती पाठ झालेली असते. त्यापेक्षा शेजारी बसा आणि दोघांच्या हाताला काम घ्या. सायकल उघडा, गणितं सोडवा, कुंड्या भरा, काहीही चालेल. माझ्याकडे फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे जुडगे, शिवायचे असतात. सुई आत, दोरा ताणून घ्यायचा, सुई बाहेर. डोळे कागदावर असले की बोलणं आपोआप निघतं, आणि निघालं नाही तरी वही शिवून होतेच.

आता सगळ्यात अवघड भाग. एका मुलाने वहीला पुठ्ठा चढवून माझ्यापुढे धरला. खळ जास्त झाली होती, कोपऱ्यात कागद फुगला होता, पाठ तिरकी बसली होती. "काका, चालेल ना?" बिचाऱ्याला कशाला दुखवा म्हणून "मस्त!" म्हणून मोकळं होता आलं असतं. मी म्हटलं, "नाही चालणार. तुझा हात याहून चांगला आहे, मी बघितलाय. कोपरा ओला आहे तोवर सोडव, खळ निपटून काढ, परत लाव." त्याने तोंड वाकडं केलं. मग नखाने कोपरा उचलायला लागला.

खोटं कौतुक या मुलांना लगेच कळतं आणि कीव त्याहून लवकर. पण नुसता शेरा मारूनही भागत नाही, कारण टाकून बोलणं त्यांनी भरपूर ऐकलेलं असतं. चूक नेमकी दाखवायची आणि तुला हे जमेल हेही त्याच दमात सांगायचं. डेव्हिड यीगर, जेफ्री कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सातवीच्या मुलांवर हेच करून पाहिलं. तपासलेल्या निबंधाला चिठ्ठी जोडली की, माझ्या अपेक्षा मोठ्या आहेत आणि तू त्या पूर्ण करशील हे मला ठाऊक आहे, म्हणून हे शेरे. नुसतं 'हे शेरे देतोय' एवढंच लिहिलेली साधी चिठ्ठी मिळालेल्या कृष्णवर्णीय मुलांपैकी १७ टक्क्यांनी निबंध सुधारून दिला होता, ही चिठ्ठी मिळालेल्यांपैकी ७२ टक्क्यांनी. मुलं थोडीच होती, हेही खरं. पण माझ्या टेबलावर मला दिसतं ते याहून वेगळं नाही.

यापुढचं काम म्हणजे शब्द टाकणं. ते बहुतेक जण विसरतात. बऱ्या घरातल्या मुलासाठी काका, मामा, बाबांचे मित्र कुणीतरी फोन करतं. या मुलांसाठी कुणी करत नाही. पुढे मोठा शास्त्रज्ञ झालेला मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा, आमच्याच धंद्यात उमेदवारी केलेला. त्याचा मालक जॉर्ज रिबो बांधायला आलेली पुस्तकं त्याला वाचू द्यायचा. १८१२ साली विल्यम डान्स नावाच्या गिऱ्हाइकाने त्याला रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीच्या व्याख्यानांची तिकिटं दिली. फॅरडेने टिपणं काढली, बांधली आणि डेव्हीला पाठवली. १८१३ मध्ये तो लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत डेव्हीचा मदतनीस म्हणून लागला. आपल्याकडे केळूसकर गुरुजींनी १९०७ साली मॅट्रिक झालेल्या भीमराव आंबेडकरांना स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं. पण पुढे शिक्षणाच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा सयाजीराव गायकवाडांकडे शब्दही टाकला. तुमच्या ओळखीत महाराज नसतील. एखादी नर्स, सुतार, ग्रंथपाल असेल की. नुसता नंबर देऊ नका, पहिल्या भेटीला बरोबर जा.

पैसे द्यावे लागलेच तर थेट फीसाठी किंवा वस्तूसाठी द्या आणि त्याची आठवण कधी काढू नका. फोटो नको. अठराच्या आतलं मूल असेल तर त्याचे पालक किंवा संस्था यांना माहिती हवी आणि भेट चारचौघांत हवी. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. त्याच्या जिवाला धोका आहे असं कळलं तर सांगावंच लागतं.

मध्येच पोर यायचं बंद होईल. बहुतेक होतंच. त्या दिवशी तुम्ही ठरल्या वेळी जाऊन बसा आणि "आज आलो होतो, पुढच्या आठवड्यातही आहे" एवढाच निरोप धाडा. का आला नाहीस, हे विचारू नका. बरीचशी पोरं तुम्ही परत येताय का तेच बघत असतात.

तुम्हालाच थांबायचं झालं तर निदान महिनाभर आधी तारीख सांगा, कारणही खरं सांगा. नंतर फोन केलेला चालेल की नाही, केव्हा चालेल, तेही स्पष्ट करा. "बघू, भेटू कधीतरी" म्हणून निघू नका. ते पोर त्या 'कधीतरी'ची खरंच वाट बघतं.