फॉल्स शेअरिंग: कर्नलच्या कोडमध्ये या चुका टाळा

प्रोसेसरचे दोन कोर दोन वेगवेगळ्या चलांवर लिहीत असतात, कोडमध्ये कुठेही दोष दिसत नाही, आणि तरीही कोर वाढवल्यावर कामाचा वेग घटतो. याचे कारण असे, की प्रोसेसर मेमरीचा हिशेब चलागणिक नव्हे, तर कॅशलाइनगणिक, म्हणजे कॅश या जलद मेमरीत एकत्र आणल्या जाणाऱ्या बाइटांच्या गटागणिक ठेवतो. एक्स८६ वर ही लाइन ६४ बाइटची असते, आणि तिच्यातल्या एका बाइटवर कुणी लिहिले तरी इतर कोरांकडची त्या संपूर्ण लाइनची प्रत रद्द होते. वेगवेगळी चले अशी एकाच लाइनवर येऊन एकमेकांना अडवतात, यालाच फॉल्स शेअरिंग म्हणतात.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे मोजमाप न करता स्ट्रक्चरमधली (एकत्र बांधलेल्या चलांच्या गटातली) फील्ड हलवणे. साध्या प्रोफाइलमध्ये निव्वळ वाचन करणारी सूचना दोषी दिसते, खरा दोष मात्र शेजारच्या फील्डवर लिहिणाऱ्या कोडचा असतो. लिनक्स ४.१० पासून, म्हणजे २०१७ पासून, पर्फ या मोजमापाच्या साधनात आलेली सीटूसी ही आज्ञा यासाठीच आहे: दुसऱ्या कोरच्या कॅशमध्ये बदललेल्या अवस्थेत सापडलेल्या लाइन ती दाखवते, आणि लाइनमध्ये कितव्या बाइटला कोणता कोड हात लावतो हेही सांगते. हे बाइट पाहोल या साधनाने दाखवलेल्या स्ट्रक्चरच्या मांडणीशी ताडून पाहावेत. सगळे कोर एकाच बाइटवर धडकत असतील, तर ते फॉल्स शेअरिंग नव्हे, ती खरी स्पर्धा आहे. तिथे पॅडिंगचा, म्हणजे फील्डांमध्ये रिकामे बाइट घालण्याचा, काहीही उपयोग होत नाही.

सतत वाचला जाणारा पॉइंटर सतत बदलणाऱ्या काउंटरशेजारी ठेवणे ही चूक अनुभवी मंडळींकडूनही होते. लिनक्सच्या पेज काउंटरमध्ये, म्हणजे मेमरीचा वापर मोजणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये, वापराचा आकडा आणि पालक-काउंटरचा पॉइंटर एकाच लाइनवर येत होते; मेमरीची नोंद करताना प्रत्येक कोर आकडा बदलायचा आणि पालकाकडे जाण्यासाठी पॉइंटरही वाचायचा. पुढे ही दोन फील्ड वेगवेगळ्या लाइनवर नेण्यात आली.

प्रोसेसर-क्रमांकाने निवडायचा आठ-आठ बाइटच्या काउंटरांचा ॲरे करू नये, कारण असे आठ काउंटर एकाच लाइनवर बसतात. त्याऐवजी पर-सीपीयू चले, म्हणजे प्रत्येक प्रोसेसरची स्वतंत्र प्रत असलेली चले, वापरावीत. पर-सीपीयू काउंटरचे झटपट वाचन अंदाजे असते, म्हणून जिथे नेमका आकडा हवा तिथे सर्व प्रोसेसरांची बेरीजच घ्यावी लागते. एखादा बिट आधीच लागलेला (१ झालेला) असेल तर तो पुन्हा लावणेही टाळावे. आधी नुसते वाचून पाहावे.

६४ हा आकडा कोडमध्ये कोरू नये. पॉवर प्रोसेसरांवर लाइन १२८ बाइटची असते, तेव्हा कर्नलचे अलाइनमेंटचे, म्हणजे डेटा लाइनच्या सीमेवर बसवणारे, मॅक्रोच वापरावेत. पण तेही सरसकट नको: लाखोंच्या संख्येने तयार होणाऱ्या स्ट्रक्चरमध्ये पॅडिंग घातले तर मेमरी वाया जाते आणि कॅशमध्ये कामाचा डेटा कमी मावतो. शिवाय स्लॅबमधून (कर्नलच्या मेमरी वाटपाच्या यंत्रणेतून) मिळालेला ऑब्जेक्टच लाइनच्या सीमेवर सुरू होत नसेल, तर आतली काटेकोर मांडणी व्यर्थ ठरते; म्हणून स्लॅब कॅश तयार करतानाच हार्डवेअर-अलाइनमेंटचा फ्लॅग द्यावा.