गो-लाइव्हच्या आधी उद्यमनगरात एक चक्कर मारा

कोल्हापूरजवळ शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या फाइव्ह स्टार एमआयडीसीत नुकतीच नोकरी लागली असेल आणि साहेबांनी "तुम्ही जरा त्या नव्या ईआरपीच्या टीममध्ये बसा" असं सांगितलं असेल, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. (ईआरपी म्हणजे खरेदी, स्टॉक, बिलं, हिशोब हे सगळं एकत्र चालवणारं सॉफ्टवेअर.) आयटम मास्टर (मालाची मूळ यादी) म्हणजे काय, जीआरएन (माल आत घेतल्याची पावती) कसा होतो, बीओएम (एका नगाला काय काय लागतं त्याची यादी) कशाला म्हणतात हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मला बोलायचंय ते गो-लाइव्हच्या, म्हणजे नवी सिस्टीम प्रत्यक्ष सुरू होण्याच्या, आधी पोटात जो गोळा येतो त्याबद्दल, आणि तो नेमका कशाच्या काळजीने यायला हवा त्याबद्दल.

आम्ही एका फौंड्रीत (ओतकामाच्या कारखान्यात) जुनी सिस्टीम काढून नवी बसवली. टीममध्ये सगळ्यांना धास्ती होती ती सर्व्हर बंद पडण्याची, नेट जाण्याची, ऐन वेळी लाइट जाण्याची. म्हणून नेटची दुसरी लाइन घेतली, यूपीएस बदलला. त्यातलं काहीच बिघडलं नाही. अडलं ते भलतीकडेच. ते मी खाली सविस्तर सांगणार आहे, कारण मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

पण आधी भीतीबद्दल. "काही होत नाही, घाबरू नका" असं म्हणणाऱ्याने बहुतेक वेळा डिस्पॅचला, म्हणजे माल रवाना होतो तिथे, उभं राहून गो-लाइव्ह बघितलेलं नसतं. सॉफ्टवेअर चालो न चालो, फौंड्रीत भट्टी पेटलेलीच असते. धातू वितळला की ओतावाच लागतो, कास्टिंग निघतं, फेटलिंग (कडेचा जादा धातू काढून सफाई) होतं आणि संध्याकाळी गाडी भरून गेटवर उभी राहते. पूर्वी अशा वेळी बिलबुक काढायचं, हाताने बिल फाडायचं, गाडी सोडायची. आता ते चालत नाही. १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना दुसऱ्या जीएसटीधारकाला माल विकताना ई-इनव्हॉइस सक्तीचं आहे. सरकारी पोर्टलवरून आयआरएन (बिलाचा नोंदणी नंबर) आणि क्यूआर कोड आला नाही तर कायद्याच्या लेखी ते बिलच नाही. म्हणजे नवी सिस्टीम पोर्टलला जोडली गेली नाही, तर गाडी गेटच्या आतच. भीती वाटणारच. वाटायलाच हवी.

आता धीराची गोष्ट सांगते. सरकारचंच ऑफलाइन टूल आहे. त्यात एक्सेलमध्ये बिलांची माहिती भरून फाइल पोर्टलवर टाकली की आयआरएन मिळतो. गो-लाइव्हच्या आधीच डिस्पॅचच्या दोघांकडून ते टेस्ट पोर्टलवर करून घ्या. ऐन दिवशी त्याची गरज पडेलच असं नाही, पण ते हातात आहे एवढ्यानेच डिस्पॅचचे लोक शांत राहतात. आणि जाता जाता, नव्या बिल सिरीजचा नंबर सोळा अक्षरांच्या आत बसतो का तेही मोजा. नियम सोळाचाच आहे. कन्सल्टंट हौसेने प्लांट, वर्ष, महिना, विभाग सगळं त्या नंबरात कोंबतात.

तारखेबद्दल माझं ठाम मत आहे. १ एप्रिल सगळ्यांना आवडते: नवं वर्ष, नवी सिरीज, ओपनिंग बॅलन्स सोपे. पण मार्चएंडला अकाउंट्सच्या माणसाला जेवायला वेळ नसतो, आणि चैत्र पौर्णिमेच्या जोतिबाच्या यात्रेला अर्धं स्टोअर डोंगरावर असतं. जुलै-ऑगस्ट तर नकोच. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं, वाहतूक थांबली होती. अशा वेळी कन्सल्टंट पुण्यात आणि तुम्ही इथे. दिवाळी आटोपल्यानंतरच्या पहिल्या मोकळ्या महिन्याची एक तारीख मागा. चुकीच्या हंगामात तारीख पडली की काय होतं ते अमेरिकेतल्या हर्शी या चॉकलेट कंपनीने १९९९ मध्ये दाखवलं. एप्रिलमधलं काम लांबलं आणि नवी सिस्टीम जुलैत सुरू झाली, म्हणजे नेमकी हॅलोविन आणि ख्रिसमसच्या ऑर्डरींच्या तोंडावर. चॉकलेट तयार होतं, पण सुमारे दहा कोटी डॉलरच्या ऑर्डरी दुकानांपर्यंत वेळेत गेल्या नाहीत. मोठी कंपनी, मोठे सल्लागार, तरी.

आता मुख्य मुद्दा: जॉबवर्कला, म्हणजे पुढच्या कामासाठी दुसऱ्याकडे, गेलेला माल. मी लांबण लावणार आहे, लावू द्या.

कोल्हापुरात बऱ्याच फौंड्र्या सगळं काम एका छपराखाली करत नाहीत. कास्टिंग आपल्याकडे ओतायचं, टर्निंगला शहरातल्या उद्यमनगरच्या छोट्या वर्कशॉपांत, ड्रिलिंगला शिरोलीत, हीट ट्रीटमेंटला तिसरीकडे, पेंटिंगला चौथीकडे. माल आपला, पण पडलेला दुसऱ्याच्या शेडमध्ये. गो-लाइव्हच्या आधी सगळे स्टॉक मोजायला धावतात आणि मोजतात ते आपल्या कंपाउंडमधलं. समजा एका हाउसिंगचे पाचशे नग आपल्या मालकीचे आहेत. यार्डात दोनशे. मशीनिंगला दोनशे दहा. हीट ट्रीटमेंटला नव्वद. ओपनिंग स्टॉक म्हणून नव्या सिस्टीममध्ये जातात दोनशे. उरलेले तीनशे कुठे असतात? जुन्या रजिस्टरमध्ये, एखाद्या एक्सेलमध्ये आणि बऱ्याचदा सुपरवायझरच्या डोक्यात.

आमच्याकडे स्टोअरच्या अण्णांनी हे आधीच म्हटलं होतं. मोजणी संपल्यावर ते एवढंच म्हणाले, "मॅडम, शेडातलं मोजलंसा, भाईरचं कोण मोजणार?" मीटिंगच्या मिनिट्समध्ये ते वाक्य गेलं नाही, कारण अण्णा मीटिंगला नव्हतेच.

मग गो-लाइव्हनंतर मशीन शॉपचा टेम्पो चाळीस नग घेऊन येतो. स्टोअरवाला इनवर्ड (माल आत आल्याची नोंद) करायला बसतो. सिस्टीम म्हणते, या पार्टीच्या नावावर उघडं चलनच (माल पाठवल्याचा, पण अजून परत न आल्याचा कागद) नाही. खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय, वर असेंब्लीवाले फोन करताहेत, आणि कुणीतरी घाईत तो माल साधी खरेदी म्हणून आत घेतं. झालं. आपलाच माल आपण पुन्हा विकत घेतला. स्टॉकची किंमत फुगली, मशीन शॉपच्या खात्यावर नसलेलं देणं चढलं, आणि तयार नगांपुढे मशीनिंगचा खर्च दिसेना. असं दिवसाला दहा वेळा होतं. महिनाअखेरीला अकाउंट्सवाले विचारतात, हे काय आहे? तोवर नेमकी कुठली नोंद खरी ते कुणालाच सांगता येत नाही.

यावर कन्सल्टंट एक तोडगा सुचवेल: "सगळं जॉबवर्कचं ओपनिंग गो-लाइव्हच्या तारखेने एकाच चलनावर टाकून द्या, बॅलन्स जुळला की झालं." हे करू नका. बॅलन्स जुळतो, पण मूळ तारीख मरते. सीजीएसटी कायद्याच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट तयार माल एका वर्षात परत यावा लागतो, किंवा तिथूनच पुढे विकला जावा लागतो. नाहीतर तो ज्या दिवशी पाठवला त्याच दिवशी विकला असं धरलं जातं, आणि त्या दिवसापासूनचं व्याज कराबरोबर मागे लागतं. अकरा महिन्यांपूर्वी गेलेले नग तुम्ही आजच्या तारखेने चढवलेत, तर सिस्टीम तुम्हाला सांगेल की अजून वर्षभर वेळ आहे. प्रत्यक्षात महिना उरलेला असतो. शिवाय आयटीसी-०४ मध्ये (जॉबवर्कच्या मालाचं जीएसटीचं विवरणपत्र) तुम्ही जुनी चलनं आधीच दाखवलेली असतात. परत आलेला माल नव्या नंबरावर दाखवला की दोन्हींचा मेळ बसत नाही.

दुसरी गाठ नग आणि किलोची. ओतणारा किलोत बोलतो, मशीनवाला नगात. बारा किलोचं कास्टिंग मशीनिंग होऊन साडेदहा किलोचं परत येतं. मधलं दीड किलो बोरिंग (धातूचा कीस) म्हणून मशीन शॉपकडे पडलेलं असतं, आणि ते त्यांनी विकायचं की आपण परत आणायचं हे प्रत्येक पार्टीशी वेगळं ठरलेलं असतं, तेही बहुधा तोंडी. जॉबवर्कचा हिशोब नगावर ठेवा, वजन जोडीला ठेवा, आणि तोंडी ठरलेलं आधी कागदावर आणा. नाहीतर किलोत स्टॉक कधीच जुळणार नाही, आणि चोरी नसताना चोरीचा संशय एखाद्या गरीब स्टोअरकीपरवर येईल.

करायचं काय? जुन्या सिस्टीममधून उघड्या चलनांची यादी काढा आणि ती हातात घेऊन स्वतः जा. मेल पाठवून बसू नका, मेलला उत्तर येत नाही. उद्यमनगरातल्या त्या दहा बाय वीसच्या शेडमध्ये जा, "मामा, आमचं काय काय पडलंय तुमच्याकडं?" असं विचारा, त्यांच्या वहीशी आपली यादी लावा, नग मोजा, खाली त्यांची सही घ्या. चहा होतोच, वेळ धरून निघा. फरक निघेल. निघायलाच हवा, कुठेच फरक निघाला नाही तर कुणीतरी न मोजता सही केलीय असं समजा. मग प्रत्येक पार्टीसाठी सिस्टीममध्ये वेगळं लोकेशन, प्रत्येक उघडं चलन वेगळं, मूळ तारखेसह, आणि जुना चलन नंबर रेफरन्समध्ये. गो-लाइव्हच्या आधीचे दोन दिवस जॉबवर्कची ये-जा बंद. मालक कुरकुर करतील. तरी आग्रह धरा.

हा सगळा डेटा आधी टेस्ट सर्व्हरवर एकदा पूर्ण चढवून बघा, आणि मग तिथे टेम्पो आल्याचं नाटक करा: इनवर्ड, रिजेक्शन, पुन्हा पाठवणी, बिल. नाटक अण्णांना करू द्या, तुम्ही माऊसला हात लावू नका.

गुरू कुणाला करावं याबद्दलही सांगून टाकते. सर्टिफिकेटवाल्याला नको. कोर्समध्ये सगळ्या कंपन्यांचा माल स्वतःच्याच गोदामात असतो. गेट, स्टोअर आणि डिस्पॅच या तीन ठिकाणी वीस वर्षं घालवलेला माणूस धरा. त्याला स्क्रीन कळत नसेल, ती तुम्ही शिकवाल. उलटं होत नाही.

पॅरलल रनबद्दल सगळे भरभरून बोलतात. पगार आणि लेजर यांच्यासाठी महिनाभर दोन्ही सिस्टीम चालवा, जरूर. डिस्पॅचला नको. एका बिलावर आयआरएन एकदाच मिळतो, दुसऱ्यांदा पोर्टल नाकारतं. आणि एकच क्लार्क दोनदा एंट्री करत असेल तर चौथ्या दिवशी तो फक्त जुन्यात करतो, त्याचा दोष नाही.

प्रत्यक्ष दिवशी आयटीच्या केबिनमध्ये बसू नका. डिस्पॅचशेजारी टेबल टाका. लोक ओरडतील. "जुनंच बरं हुतं" हे वाक्य दिवसभर ऐकू येईल, साहेबांसमोरही. मनाला लावून घेऊ नका, ते तुमच्याबद्दल नसतं. दहा वर्षं हाताला सवय झालेली बटणं रातोरात गेलेली असतात. आळीपाळीने घरी जा, झोपा. जागलेल्या माणसाने रात्री केलेली दुरुस्ती सकाळी शोधता शोधता पुरेवाट होते. साधारण दुसऱ्या आठवड्यात आवाज कमी होतात आणि मग कुणीतरी येऊन नवा रिपोर्ट मागतं. तेव्हा समजा, लोकांनी सिस्टीम घेतली.

पण सह्या झालेली चलन यादी हातात नसेल तर तारीख पुढे ढकला असं साहेबांना मेलवर लिहा. तुम्ही नवे आहात म्हणून गप्प बसू नका. कारण दोन ओळींत द्या, आकड्यासकट: इतक्या पार्टी बाकी, इतके नग बाहेर. एवढं समोर ठेवलं की मालक ऐकतात, हा माझा अनुभव आहे. तोंडी सांगाल तर विसरतात.

आणि जुना सर्व्हर. गो-लाइव्ह झालं की तो भंगारात काढायची घाई सुरू होते. जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. नव्या सिस्टीममधून निघालेलं पहिलं आयटीसी-०४ जुन्या चलनांशी ओळ न ओळ ताडून बघेपर्यंत तरी त्याला कुणालाही हात लावू देऊ नका, आणि त्यानंतरही डेटा उघडून वाचता येईल असा ठेवा. त्याचा ॲडमिन पासवर्ड कुणाकडे आहे ते आजच विचारा. आमच्याकडे तो नोकरी सोडून गेलेल्या माणसाकडे होता.