पुरानंतर पाऊस आला की छातीत धडधडतं? मग हे करून बघा

२२ जुलै २०२१ ला चिपळूणात वाशिष्ठी नदीचं पाणी घरात शिरलं, आणि अजूनही पत्र्यावर जोराचा पाऊस वाजला की माझी आई उठून दाराच्या फटीखाली हात लावून बघते, ओलं आहे का. हा भित्रेपणा नाही हो. मेंदूने तो आवाज धोका म्हणून पक्का करून ठेवलाय, त्यामुळे अंग आधी घाबरतं आणि डोकं मागून येतं.

अशा वेळी "काही होत नाही गं" म्हणू नका, शेजारी बसा. दोन्ही पाय फरशीवर टेकवायला सांगा, श्वास चार आकड्यांत आत, सहा आकड्यांत हळू बाहेर, मग दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा, आई कपाट, घड्याळ, कळशी असं म्हणता म्हणता शांत होते.

लहान मुलं परत अंथरूण ओलं करतात, चिकटून राहतात, त्यांना प्लीज रागवू नका. शाळा, जेवण, झोप वेळेवर ठेवा. वयात आलेली पोरं चिडतात किंवा गप्प होतात, त्यांना खोदून विचारण्यापेक्षा बरोबर काम करायला घ्या, बोलतील तेव्हा ऐका. पुराचे जुने व्हिडिओ सारखे बघणं बंद करा, आणि झोपेसाठी दारू तर नकोच.

महिना उलटला तरी वाईट स्वप्नं, दचकणं, पुराची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणं चालूच असेल किंवा जगणं नको वाटत असेल तर (यात मात्र महिनाभर थांबू नका) टेली मानसला (सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन) १४४१६ वर फोन करा, फुकट आहे, चोवीस तास चालू असतो.